रायरांचे साक्षीदार

कुणी हातात कागद नाचवत "हे बघा, पुरावाच आहे!" असं म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. घरात पोरं हसतात मला. "आईचं सुरू झालं," म्हणतात. म्हणू देत. त्यांनी रायरांना पाहिलेलं नाही.

रायर म्हणजे रघूत्तमराव. कुंभकोणममधल्या एका पार्सल कंपनीत ते कॉम्प्युटरचं खातं सांभाळत, आणि मी त्यांच्या हाताखाली होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या नवऱ्याची नोकरी जवळच आडुतुरैला, भाताच्या संशोधनात. मी साताऱ्याची, गाठीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा, तमिळचा गंधही नाही, आणि घरात बसून भिंती मोजायचा मनस्वी कंटाळा. जाहिरात पाहून गेले. मालकांना सगळे मुदलाळी म्हणत. ते समोर बसले होते, आणि त्यांच्या बाजूला एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ: कपाळावर अंगाऱ्याची काळी रेघ, कानशिलांवर गोपीचंदनाच्या पुसट मुद्रा, तोंडात विडा, आणि खिशाला इतकी पेनं की खिसा खाली ओघळलेला. त्यांनी माझा अर्ज वाचला, साताऱ्यावर बोट ठेवलं आणि मुदलाळींच्या देखत म्हणाले, "अगे पोरी, तूं साताऱ्याची? मग मजशीं इंग्रजी काय म्हणून बोलतीस?"

मी उडालेच. कुंभकोणमात मराठी! आणि तीही कशी, तर एखादी बखर खुर्चीत बसून विडा चघळत बोलतेय अशी. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर पाय ठेवला की तमिळ. तमिळ लोक या मंडळींना रायर म्हणतात, म्हणून ऑफिसातही ते रायरच. मी त्यांना राव म्हणायची. माझं मराठी ऐकून ते पोट धरून हसत. "तुमचें मराठी फार घाईचें गे. शब्द अर्धे गिळतां आणि पुढें पळतां." मी म्हणायची, "आणि तुमचं राव, अजून घोड्यावरून उतरलेलं नाही." त्यावर आणखी हसत. ऑफिसात आमची ही मराठी चालायची ती इतरांना फारशी रुचत नसे. आमच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी आम्ही पर्वा केली नाही.

आता त्यांचं काम सांगते, कारण रायर म्हणजे त्यांचं कामच.

कंपनीची ऑफिसं गावोगाव होती: मायवरम, मन्नारगुडी, नाचियारकोविल, तिरुभुवनम. प्रत्येक ठिकाणी एक राउटर. टेलिफोनच्या भाड्याच्या लाइनवरून तो कुंभकोणमच्या मुख्य ऑफिसशी जोडलेला. रायर त्याला पेटी म्हणत; तमिळमध्येही पेट्टीच, त्यामुळे सगळेच पेटी म्हणत. या पेट्या मद्रासकडच्या कुणीतरी जुळवलेल्या होत्या, आत बॅटरीवर चालणारं घड्याळ. पेटी सुरू झाली, लाइन आली, लाइन गेली, असं जे काही होईल ते ती वेळेसकट सांगायची. काहीच घडलं नाही तर दर थोड्या वेळाने नुसतं 'आहे' म्हणायची. हे सगळं पूर्वी त्या त्या पेटीतच विरून जाई. रायरांनी काय केलं, तर मुख्य ऑफिसात एक सर्व्हर मांडला आणि सगळ्या पेट्यांचं बोलणं तिथे आणून साठवायला लागले. आम्ही शिकलेले लोक त्याला लॉग म्हणायचो. रायर म्हणायचे जबानी. आणि त्या सर्व्हरचं नाव त्यांनी ठेवलं होतं चावडी.

सकाळी मेलकावेरीच्या आपल्या घरून सायकलवर यायचे. चपला दाराबाहेर. चावडीसमोर कधी खुर्चीत बसायचे नाहीत, आधी उभ्याने सगळ्या जबान्या वाचायच्या, मग कॉफी. आणि वाचणं म्हणजे मोठ्याने! "मायवरम काल दिवसभर कण्हत होती. लाइनींत पाणी शिरलेंसें दिसतें. नाचियारकोविल बरी आहे. ही मन्नारगुडी पाहा, पुन्हां रुसली." सासुरवाशिणींची पत्रं आल्यासारखं वाचत. मी म्हणायची, "राव, यंत्रं आहेत हो ती." तर म्हणायचे, "म्हणूनच तर गे. माणूस घाबरतो, विसरतो, बायकोची बाजू घेतो. पेटीस ना बायको, ना भय. ती खोटें कशास बोलेल?"

मन्नारगुडीच्या रुसण्याने तर त्यांचं नाव झालं. तिथली लाइन रोज सकाळी एकाच वेळी जायची आणि थोड्या वेळाने आपोआप यायची. टेलिफोनवाले म्हणत तुमची पेटी खराब, पेटीवाले म्हणत लाइन खराब. रायरांनी महिनाभराच्या जबान्या समोर ठेवल्या. लाइन जातच नव्हती, पेटीच बंद पडत होती; आणि शुक्रवारी कधीच नाही. गेले मन्नारगुडीला. ऑफिसची मागची भिंत आणि तिथल्या एजंटाच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. एजंटाची बायको इडलीचं वाटायला पेटीचाच प्लग काढून तिथे ग्राइंडर लावायची, आणि शुक्रवारी तिच्या घरी वाटण नसे! बाई अशी भडकली, म्हणे, "कुंभकोणमात बसून माझ्या स्वयंपाकघरात बघता?" रायरांना या वाक्याचा कोण आनंद! कितीदा सांगितलं असेल त्यांनी ते. मुदलाळी तर पाहुण्यांना चावडी दाखवायला घेऊन यायला लागले. "आमचे रायर इथे बसून सांगतात मन्नारगुडीत इडली कधी होणार ते."

पण त्या दिवसापासून गावोगावची माणसं पेटीकडे भीतीने बघायला लागली. ऑफिस उघडताना पेटी सुरू करायची, कुलूप लावताना बंद, असा नियमच होता; त्यामुळे कोण उशिरा आलं, कोण लवकर गेलं, सगळं मुदलाळी चावडीला विचारू लागले. आणि रायर मोठ्या तोऱ्यात सांगू लागले. होय, तोराच होता तो. मला त्यांच्याबद्दल कितीही माया असली तरी खोटं कशाला बोलू?

एकदा मी सुचवलं, "राव, प्रत्येक पेटी आपली आपली वेळ सांगते, त्यापेक्षा जबानी आली की चावडीनेच आपली वेळ टाकावी. सगळ्यांची एकच वेळ होईल." त्यांना ते मुळीच पटलं नाही. कारण होतं त्यांच्याकडे. लाइन पडली की पेटी तिचं बोलणं पोटात ठेवायची आणि लाइन आल्यावर एकदम ओकायची. चावडीची वेळ घेतली असती तर सकाळची गोष्ट दुपारची झाली असती. पण खरं कारण वेगळं होतं. म्हणाले, "साक्षीदाराच्या तोंडांत आपण वेळ घालायची नाहीं, पोरी. ज्याची वेळ त्याणेंच सांगावी." बोलणं बिनतोड वाटलं मला तेव्हा.

आता तिरुभुवनमचं सांगते.

तिरुभुवनम म्हणजे रेशमी साड्यांचं गाव. घराघरात माग. तिथलं ऑफिस छोटं: एजंट गोविंदसामी, जो बहुतेक वेळ कुंभकोणमात स्वतःच्या दुकानात असायचा, आणि एकच कारकून, धनपाल. धनपाल विणकरांच्याच गल्लीतला. बापाचा माग होता, याला डोळ्यांचा त्रास म्हणून कारकुनी धरलेली. बोलायला मऊ, हसायला मोकळा. तिथे पेटी बसवायला रायर निघाले तेव्हा मीही गेले. शुक्रवार होता. पेटी घेऊन येणारी गाडी वाटेत खोळंबली आणि आम्ही पोचलो तो सव्वाअकरा. गोविंदसामी हार, लिंबं, कापूर, नारळ मांडून बसलेला. आम्हाला बघून त्याने कपाळाला हात लावला. साडेदहा ते बारा राहुकाळ! नवी वस्तू राहुकाळात सुरू करायची नाही, हे तिथे शेंबडं पोरही जाणतं. आणि टेलिफोनचा माणूस बारापर्यंत थांबायला तयार नाही; तो गेला की पुन्हा कधी उगवेल ते देव जाणे.

गोविंदसामी म्हणतो, हात लावू देणार नाही. टेलिफोनवाला म्हणतो, मी चाललो. तेव्हा रायर पेटीपुढे मांडी घालून बसले आणि मिस्कीलपणे तमिळमध्ये म्हणाले, "अहो, हिला कुठे बाहेरचं जग दिसतंय? आपण सांगू ती वेळ." आणि त्यांनी पेटीचं घड्याळ मागे फिरवून दहावर लावलं. म्हणजे पेटीच्या हिशेबाने राहुकाळ अजून लागायचाच होता. सगळे हसले. गोविंदसामीलाही ते पटलं, खरंच पटलं. त्याने कापूर लावला. सगळ्यात मोठ्याने हसला तो धनपाल. नारळ त्यानेच फोडला. परत येताना रायर मला म्हणाले, "पुढल्या खेपेस नीट करूं." पुढली खेप झालीच नाही. पेटीने काही तक्रार केली असती तर गेले असते. पण तिरुभुवनमची पेटी फार गुणी निघाली.

इतकी गुणी की तिच्यामुळे धनपालचं कौतुक सुरू झालं. रायर जबान्या वाचताना म्हणायचे, "हा पाहा, पावणेआठास हजर! बाकीचे नवास येतात." ते मुदलाळींच्या कानावर गेलं. पोंगलला त्यांनी धनपालला सगळ्यांसमोर बोलावून वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, आणि शर्ट दिला. धनपाल बावरला, काहीतरी पुटपुटला, पण मालक सगळ्यांदेखत शाबासकी देत असताना "मी नाही हो इतक्या लवकर येत" असं कोण म्हणेल? मी तरी म्हटलं नसतं. तो लाजून हसला आणि वेष्टी कपाळाला लावून घेतली. पेटी म्हणायची पावणेआठ, आणि बिचारा येत होता नऊलाच. आमच्या दोघांच्या आणि खुद्द त्याच्याही डोक्यातून तो नारळाचा दिवस पार गेला होता.

मग माझ्या भावाचं लग्न निघालं आणि मी रजा घेऊन साताऱ्याला गेले. मी परत आले तोवर सगळं होऊन गेलं होतं.

झालं होतं ते असं. तिरुभुवनमहून साड्यांचा एक गठ्ठा मद्रासला जायचा होता. लग्नसराईचा माल, धनपालच्याच गल्लीतल्या घराघरातून गोळा झालेला. रोज चारच्या सुमारास येणारी लॉरी त्या दिवशी उशिरा, साडेपाचला आली. ड्रायव्हर म्हणाला, ऑफिसला कुलूप होतं, कुणी नव्हतं, मी पुढे गेलो. धनपाल म्हणाला, मी होतो, गठ्ठा माझ्या हातांनी लॉरीत चढवला, सहाला पेटी बंद केली आणि घरी गेलो. गठ्ठा मद्रासला पोचलाच नाही. दोघांतला एक खोटा. गोविंदसामीने हात वर केले, "मी तिथे असतो कुठे?" आणि मुदलाळींनी रायरांना बोलावलं.

रायर जबानी घेऊन गेले. पेटीचं शेवटचं 'आहे' पावणेपाचला. त्यानंतर पेटी बंद. लॉरी साडेपाचची. म्हणजे ड्रायव्हर खरा.

धनपाल रडकुंडीला येऊन म्हणाला, "रायर, मी पावणेपाचला कधीच घरी गेलेलो नाही. आणि सकाळी पावणेआठलाही कधी आलेलो नाही!" त्यावर मुदलाळी म्हणाले, "मग वेष्टी घेताना का नाही बोललास?" संपलं. एका खोट्याला दुसरं खोटं चिकटलं. शेजाऱ्यांना विचारायला कुणी गेलं नाही. विचारायचं कशाला? जबानी होती ना! पोलिसात द्यायचं नाही अशी मुदलाळींनी मेहेरबानी केली आणि धनपालला काढून टाकलं.

हे सगळं मला रायरांनीच सांगितलं, मी परत आले त्या सकाळी, चावडीसमोर उभे राहून. वाईट वाटत होतं त्यांना, पण आवाजात ती ऐट होतीच. "मज फार लागलें गे. बरा माणूस वाटला होता. परंतु जबानी ती जबानी."

"राव," मी म्हटलं, "पेटी कितीला बंद झाली म्हणालात?"

"पावणेपांचास."

"कुठल्या घड्याळाने? राव, तो राहुकाळ... तुम्ही घड्याळ मागे केलं होतंत. नारळ फोडला होता त्याने."

त्यांच्या तोंडात विडा होता. चघळणं थांबलं. टेबलाची कड धरून खुर्चीत बसले. चावडीसमोर त्यांना सकाळी बसलेलं मी प्रथमच पाहिलं. मग म्हणाले, "त्याणें सांगितलें होतें गे मज. मी कधीं पावणेआठास येत नाहीं, म्हणाला. माझ्याकडे पाहून म्हणाला. आणि मी त्याचें ऐकिलें नाहीं, पेटीचें ऐकिलें."

तसेच उठले, विडा थुंकला, बस धरून तिरुभुवनमला गेले. आणि तिथे जाऊन पहिली गोष्ट काय केली असेल? घड्याळ बरोबर केलं! आयुष्यभराची सवय, चुकीचं दिसलं की हात थांबायचा नाही. संध्याकाळी परत येऊन मला सांगितलं तेव्हा मी डोकंच धरलं. "अहो राव, तोच तर पुरावा होता! तसंच ठेवून मुदलाळींना दाखवायचं होतं!" त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. माणूस स्वतःच्या हातांकडे असा बघतो हे मला सहन होईना, मी चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मुदलाळींपुढे गेलो. रायरांनी काही लपवलं नाही: राहुकाळ, मागे केलेलं घड्याळ, काल दुरुस्त केलेलं. जबान्याही दाखवल्या, काल पेटीची वेळ एकदम सव्वा तासाने पुढे उडी मारते ती जागा बोटाने दाखवली. मुदलाळींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उडी मारते, कारण काल तुम्ही तिथे जाऊन घड्याळ फिरवलंत. पण ते मागे कधी फिरवलं होतंत, पेटी बसवताना की परवा, हे मला काय कळणार? रायर, पेटी खोटं बोलत नाही असं मला कुणी शिकवलं?"

मी मध्ये पडले. म्हटलं, मी होते तिथे, माझ्या डोळ्यांदेखत झालंय. गोविंदसामीला विचारा म्हणावं, तर तो 'मला काही आठवत नाही' म्हणून आधीच हात झटकून मोकळा झालेला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुम्ही दोघं एकच भाषा बोलता," एवढंच म्हणाले.

आणि मग जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मुदलाळी एकदम सरळ बसले. "थांबा. म्हणजे तिरुभुवनमची पेटी राहुकाळात सुरू केलीत? खरोखरच्या राहुकाळात?" रायर म्हणाले, "हो, तेच तर सांगतोय." मुदलाळींनी मांडीवर हात मारला. "म्हणूनच! म्हणूनच तिथे चोरी झाली! मी विचार करत होतो, असा चांगला माणूस बिघडला कसा!"

झालं. रायरांनी धनपालला सोडवायला जे खरं सांगितलं, तेच त्याच्या गळ्यात आणखी घट्ट बसलं. त्याच आठवड्यात तिरुभुवनमच्या ऑफिसात होम झाला. प्रसाद आम्हालाही आला. रायरांनी तो हातात घेतला आणि टेबलावर तसाच ठेवून दिला.

त्यानंतर दर रविवारी ते तिरुभुवनमला जायला लागले. धनपालच्या गल्लीत, घराघरात. मागावर बसलेल्या माणसाला सांगायचं: चूक माझी, घड्याळ मी फिरवलं, धनपालने काही घेतलेलं नाही. माग थांबायचा, लोक नीट ऐकायचे, ताक द्यायचे. आणि म्हणायचे, "रायर थोर माणूस. गरिबाची नोकरी गेली ते त्यांना बघवत नाही, म्हणून स्वतःच्या अंगावर घेतात." एकाही घराने विश्वास ठेवला नाही. ज्यांच्या साड्या गेल्या होत्या ते धनपालशी बोलत नव्हते. त्याच्या बायकोला नळावर कुणी जागा देत नव्हतं. मुलगी सेल्वी लग्नाची होती, ठरत आलेलं मोडलं. रायर भला माणूस, म्हणून त्यांचं खरं कुणाला खरं वाटेना! असला न्याय कुठे ऐकलाय तुम्ही?

ऑफिसात ते यायचे, पण जबान्या वाचणं थांबलं. गावोगाव जाऊन सगळ्या पेट्यांची घड्याळं मात्र लावून आले. चावडी आपली चालू होती, पेट्या 'आहे, आहे' म्हणत होत्या, मुदलाळी पाहुण्यांना आणून दाखवतच होते. एकदा एका पाहुण्यापुढे त्यांनी तिरुभुवनमच्या चोरीची गोष्ट रंगवून सांगितली, रायर तिथेच बसलेले असताना. मला वाटलं आता हे काहीतरी बोलतील. ते पेनाचं टोपण काढत आणि घालत राहिले. मी विचारलं, "राव, सोडून का देत नाही ही नोकरी?" म्हणाले, "मी गेलों तर तो चोर नव्हता हें म्हणणारा इकडे कोण उरतो?"

मग एका रविवारी मी त्यांच्या घरी मेलकावेरीला गेले होते. त्या दिवशी पाय दुखत होता म्हणून ते तिरुभुवनमला गेले नव्हते. ओसरीवर कॉफी पीत बसलो होतो आणि धनपाल आला. ओळखू येईना इतका वाळला होता. हातात ताट, ताटात विडा, फळं, लग्नाची पत्रिका. सेल्वीचं लग्न ठरलं होतं, नात्यातल्याच, पण गावाच्या पलीकडच्या टोकाला राहणाऱ्या मुलाशी. रायर इतके आनंदले की उठून उभे राहिले. "म्हणजे त्यांना पटलं! अखेर पटलं!"

धनपाल मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "नाही, रायर. मी कबूल केलं."

"काय कबूल केलंस?"

"मीच घेतलं म्हणून. शरभेश्वराच्या देवळात, गल्लीतल्या मोठ्या माणसांसमोर, साष्टांग पडून सांगितलं. त्यांनी मला माफ केलं. आता बोलतात आमच्याशी."

रायर खाली बसले. धनपालही ओसरीच्या पायरीवर टेकला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "रायर, नाही म्हणत राहिलो तोवर मी चोरही होतो आणि वर खोटारडाही. चोराला माफी आहे. मी केलंच नाही म्हणणाऱ्याला कसली माफी करणार ते लोक? माझ्या पोरीचं वय चाललं होतं." मग त्याने हात जोडले. "माझी एक विनंती आहे. आता तुम्ही गल्लीत येऊन, धनपालने घेतलं नाही, असं सांगू नका. तुम्ही सांगितलंत की लोक म्हणतील, याने देवापुढे उभं राहून खोटं सांगितलं. मग काहीच उरणार नाही माझ्याकडे."

रायरांनी पत्रिका घेतली. धनपाल गेल्यावर मला म्हणाले, "ती कॉफी निवाली तुझी," आणि आत निघून गेले. मी एकटीच ओसरीवर बसून रडले.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. माझ्या नवऱ्याची बदली झाली होती, घरातलं सामान बांधून झालं होतं, दोन दिवसांत कुंभकोणम सुटणार होतं. रायर रेशमी काठाचं उपरणं घालून आले होते. मंडप छोटा, देवळाजवळच. नादस्वरम चालू. धनपाल धावतपळत आला, आम्हाला पुढे बसवलं. जरा वेळाने नवऱ्यामुलाचे वडील आले. विणकरच, सरळ माणूस. त्यांनी रायरांच्या हातावर चंदन लावलं आणि घसा खाकरून म्हणाले, "तुम्हीच ना ते मशीनवाले रायर? राग मानू नका, मुहूर्ताच्या आधी एक विचारतो. याच्या गल्लीत काही जण म्हणतात, रायर म्हणत होते याने घेतलंच नाही. याने तर देवासमोर घेतलं म्हणून सांगितलंय. आम्ही माफ केलं ते याने खरं सांगितलं म्हणून. देवळात खोटं बोलणाऱ्याच्या घरची मुलगी मी घेणार नाही. तुम्ही ब्राह्मण, मोठे माणूस. खरं काय ते सांगा, की आम्ही पुढचं बघतो."

धनपाल त्यांच्या मागेच उभा होता. त्याच्या हातात पानसुपारीचं तबक होतं आणि त्यातली सुपारी खाली पडत होती. तो रायरांकडे बघत होता.

रायर उभे राहिले. कुणाला वाटावं की आदराने. तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घेतलं. त्यानेच घेतलं होतं. माझ्याकडे त्याची नोंद आहे."

व्याह्यांनी समाधानाने हात जोडले आणि ते बोहल्याकडे गेले. धनपालने तबक खाली ठेवलं, वाकून रायरांच्या पायांना हात लावला आणि उठून, डोळे पुशीत, त्यांच्या मागे धावला. लगेच ढोल जोरात वाजायला लागले, मंगळसूत्र बांधलं जात होतं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मीही टाकल्या. शेजारी पाहिलं तर रायर उभेच होते, उजवी मूठ मिटलेली. मी हळूच म्हटलं, "राव, अक्षता." त्यांनी ऐकलं नाही. ढोल थांबले, लोक जेवायला उठले, तरी ती मूठ त्यांनी उघडली नव्हती.